एनव्हिडियाचं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड घेतलंय, आता ब्राउझरमधले व्हिडिओ सुधारायचेत?

आधी ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सलरेशन (म्हणजे व्हिडिओचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणं) चालू आहे का ते बघा. 'काहीच फरक दिसत नाही' म्हणणाऱ्यांचं घोडं बहुतेकदा इथेच पेंड खातं.

मग एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये आरटीएक्स व्हिडिओ सुपर रिझोल्यूशन, म्हणजे एआयने कमी दर्जाचा व्हिडिओ मोठा आणि रेखीव करणारी सोय, सुरू करा. ही सोय २०२३ साली आली. क्रोम आणि एज, दोन्हींत चालते. दर्जाच्या १ ते ४ पायऱ्या आहेत. नवा माणूस थेट ४ लावतो आणि मग पंखा का गरगरतोय म्हणून विचारतो! २ पासून सुरुवात करा.

नेहमीच्या चुका:

- लॅपटॉप बॅटरीवर ठेवून तपासणं. चार्जर लावा.
- १०८०पीच्या पडद्यावर १०८०पीचाच व्हिडिओ लावून चमत्काराची वाट बघणं. खरी मजा ४के पडद्यावर ७२०पी, १०८०पी पाहताना येते.
- यूट्यूबचा दर्जा 'ऑटो'वर सोडणं. आधी मिळेल तो सर्वांत वरचा दर्जा निवडा, एआयचं काम त्यानंतरचं.

कडा रेखीव होतील, कॉम्प्रेशनचे चौकोन कमी होतील. पण मुळातच धूसर झालेला चेहरा परत येणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

एचडीआरच्या (उजेड-अंधार आणि रंगांचा जास्त पल्ला दाखवण्याच्या) भानगडीत सध्या पडू नका. एखादी जुनी ४८०पीची मॅच लावा, सोय चालू-बंद करून बघा.