ग्रुप सोडले आणि मामा गेल्याचं उशिरा कळलं

मनातलं, माईंपाशी : वाचकांची पत्रं

माई, नमस्कार.

मी मूळची परभणीची. चार वर्षांपासून जर्मनीत, म्युनिकजवळच्या एका लहान गावात राहते. नवऱ्याची नोकरी आहे, मी घरून अर्धवेळ काम करते, मुलगा चार वर्षांचा. इथं आमचं रक्ताचं कुणी नाही, त्यामुळं मोबाईल हेच माझं माहेर झालं होतं. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, दहावीच्या मैत्रिणींचा, इथल्या मराठी मंडळींचा आणि वर इन्स्टाग्राम. लेकरानं घास घेतला की फोटो, बर्फ पडला की व्हिडिओ. आईला तर उठल्या उठल्या माझं स्टेटस बघायची सवयच लागली होती.

इथं ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनची कंदील मिरवणूक असते. लेकरं किटात, म्हणजे इथल्या बालवाडीत, कागदाचे कंदील करतात आणि अंधार पडल्यावर गाणी म्हणत गावातून फिरतात. माझ्या मुलानं आठ दिवस खपून कोल्ह्याचा कंदील केला होता. मी सगळा वेळ व्हिडिओ काढत होते. रात्री तो बघायला बसले तर त्यात त्याचा आवाज ऐकू आला. दोनदा म्हणत होता, ‘आई, आई.’ कंदील चिखलात पडला होता, मागच्या मुलीचा पाय त्यावर पडला होता आणि माझा मोबाईल मिरवणुकीत पुढं चालणाऱ्या घोड्यावर रोखलेला होता. तरी मी तो व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकलाच. दुसऱ्या दिवशी किटाच्या बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, यात इतर मुलांचे चेहरे दिसतात, त्यांच्या पालकांनी परवानगी दिलेली नाही, काढून टाका.

डिसेंबरात एकदा सकाळी आठ वाजता मुलाला घेऊन गेले तर किटाचं दार बंद. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सुट्टी होती. चिठ्ठी तीन आठवडे मुलाच्या कप्प्यात पडून होती. आदल्या रात्री मी दीड वाजेपर्यंत चुलत बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो बघत जागी होते, पण ती चार ओळींची चिठ्ठी काही वाचली नव्हती. नऊची मीटिंग मुलाला मांडीवर घेऊन केली.

त्याच रात्री इन्स्टाग्राम काढून टाकलं, सगळे ग्रुप सोडले. झोप सुधारली, मुलाशी खेळणं वाढलं. पण फेब्रुवारीत माझे मामा गेले. आईला वाटलं भावानं मला सांगितलं असेल, भावाला वाटलं आईनं. मला कळलं ते दहाव्याच्या दिवशी. ज्या मामांच्या सायकलवर बसून मी शाळेत गेले, त्यांच्या शेवटच्या दर्शनाला व्हिडिओवरसुद्धा नव्हते. मामी म्हणाल्या म्हणे, ‘तिकडं गेलं की माणसं तुटत्यात.’ तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. परत सगळ्या ग्रुपांमध्ये जाऊ का?

– तुमची एक लेक, मूळ परभणी

लेकी,

पत्र वाचून सगळ्यात आधी मामींची आठवण आली, म्हणून तिथूनच सुरुवात करते. अजून केला नसशील तर मामींना आज फोन कर. मेसेज नको, फोन कर. ग्रुप का सोडले, कुणी कुणाला सांगायचं राहिलं, यातलं काही काढू नकोस. मामा शेवटी काय जेवले, कुणाला बोलावत होते, दवाखान्यात कोण होतं, एवढंच विचार आणि त्या बोलतील तितका वेळ ऐक. सायकलचं सांग. रडू आलं तर दोघी रडा. ‘माणसं तुटत्यात’ हे त्यांनी दुःखात म्हटलेलं आहे. एवढ्या फोनवर ते विरून जाईल.

आता तुझा प्रश्न. परत सगळ्यात शिरू नकोस. तू सोडलंस ते बरोबर सोडलंस. फक्त सोडताना एक गोष्ट लावून द्यायची राहिली, ती आता लावून दे.

आपल्याकडं माणूस गेलं की सांगावा जायचा, हे तुला आठवत असेल. आमच्या निलंगा तालुक्यातल्या घरी माझे आजोबा गेले तेव्हा वडलांनी अंगणात उभं राहून माणसं वाटून दिली होती. उदगीरकडं अमक्यानं जायचं, औशाकडं तमक्यानं, लेकीच्या गावाला चुलत्यानं स्वतः. ज्याच्या वाट्याला जे गाव आलं, तिथं निरोप पोचला नाही तर जबाब त्याला द्यावा लागायचा. ग्रुप आले आणि सांगावा सगळ्यांचा झाला, म्हणजे कुणा एकाचा उरला नाही. तुझ्या घरी तेच झालं. यात तुझा दोष मला दिसत नाही, आईचाही नाही.

म्हणून तुझ्या घरी सांगाव्याचा एक माणूस ठरव. भाऊ असेल, वहिनी असेल, जे कुणी शब्द पाळतं ते. त्याला स्पष्ट सांग : ‘आजारपण, दवाखाना, जन्म, मृत्यू, लग्न ठरणं, एवढ्यासाठी तू मला फोन करायचा. रात्री दोन वाजले असले तरी करायचा. बाकी कशासाठी नाही केलास तरी चालेल.’ रात्री मोबाईल बंद ठेवत असशील तर त्या एका नंबरची घंटी वाजेल अशी सेटिंग करून घे. आई आणि मामींनाही सांगून ठेव, की माझा सांगावा अमक्याकडं आहे.

मी हे इतक्या जोरानं का सांगते, तर १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप मी पाहिला आहे. ३० सप्टेंबरची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. माझा थोरला भाऊ तेव्हा मस्कतला होता. आम्ही सगळे जिवंत होतो, पण त्याला ते तीन दिवस कळलं नाही. फोन लागत नव्हते आणि त्याला कळवायचं काम कुणी एकानं घेतलेलं नव्हतं. तो पुढं कित्येक वर्षं फोन वाजला की आधी विचारायचा, ‘सगळे हायेत ना?’ लांब राहणाऱ्याचा जीव कसा टांगलेला असतो, ते मी त्याच्या आवाजात ऐकलं आहे. तेव्हा दोर तोडायचा नाही. बाजारातून मात्र उठून यायचं.

बाजार म्हणजे जिथं बघण्याला शेवट नाही ते सगळं. इन्स्टाग्राम खाली सरकवत राहिलं तर संपत नाही, ते संपू नये असंच बनवलेलं आहे. स्टेटस २४ तासांत जातं म्हणून लोक परत परत डोकावतात. यात आपलं मन कच्चं आहे असं समजून स्वतःला टोचत बसू नकोस. एक लक्षात असू दे, मोबाईलवरून अ‍ॅप काढलं तरी खातं चालूच राहतं. ते खरंच नको असेल तर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं, आणि तिथं जुने व्हिडिओही असतात. कंदिलाचा तो व्हिडिओ काढलास ना, एकदा बघून घे.

ग्रुपांपैकी माहेरचा आणि सासरचा, एवढे दोन परत घे. पण कायमचे म्यूट कर आणि अर्काइव्हमध्ये टाक. म्यूट केलेलं कुणाला कळत नाही, त्यामुळं कुणी रागावायचा प्रश्न नाही. रविवारी एकदा उघडून वर-वर बघ. बाकीच्यांची गरज तुला वाटत नाही, हे तुझ्या पत्रातच दिसतं. त्यांचा तू परत उल्लेखही केलेला नाहीस.

आईचं मात्र वेगळं आहे. तिच्याकरता स्टेटस म्हणजे लेक उठली, धड आहे, याची खूण होती. ती खूण तू एकदम काढून घेतलीस. त्या जागी दुसरी दे. सकाळी मुलाला किटात सोडून परत येताना चालता चालता मिनिटभराचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. तुमच्याकडं हिवाळ्यात साडेचार तासांचा आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, म्हणजे तुझे सकाळचे साडेआठ ते आईचा दुपारचा एक किंवा बारा. जेवण करून ती ऐकेल, आणि तुझ्या बुटांखाली बर्फ करकरलेला तिला ऐकू येईल. रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल. तिकडं रविवारी दुकानं बंद असतात, धावपळ नसते. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, त्याच्या आधी आईला वेळ सांगून ठेव, नाहीतर ती मोबाईल मांडीवर घेऊन तासभर बसून राहील.

आणि त्या कॉलमध्ये तिला जे फसलं ते सांग. कंदील चिखलात पडला ते सांग, बंद दाराचं सांग. हे तू माझ्यासारख्या अनोळखी बाईला लिहिलंस, आईला सांगितलंस का? मला वाटतं नाही सांगितलं. मीही सांगितलं नव्हतं.

मी २००४ ते २००९ जर्मनीत राहिले. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण ऑर्कुट होतं आणि माझी मैत्रीण तिथं अमेरिकेतले फोटो टाकायची. २००६च्या फेब्रुवारीत आमच्याकडं कमरेएवढा बर्फ पडला. मी कुकर लावला, अडीच वर्षांच्या मुलीला चटईवर बसवलं आणि डिजिटल कॅमेरा घेऊन दाराबाहेर आले, एकच फोटो काढायचा म्हणून. मागं दार लागलं. तिथल्या घरांच्या दाराला बाहेरून फिरणारी कडी नसते, नुसती मूठ असते, हे तुला माहीतच आहे. किल्ली आत, मुलगी आत, कुकर शेगडीवर. पायात मोजे होते, चपलासुद्धा नव्हत्या. पत्र टाकायच्या फटीतून मला तिची बोटं दिसत होती, त्यांना मेतकूट-भात लागलेला. शेजारच्या आजींनी कुलूपवाल्याला फोन केला. तो येईपर्यंत मी त्या फटीला तोंड लावून मुलीला एक ते दहा मोजायला लावत होते, म्हणजे ती दारापाशी बसून राहील, शेगडीकडं जाणार नाही. कुकरच्या शिट्ट्या मी तिच्या आकड्यांबरोबर मोजल्या. नवव्या शिट्टीला दार उघडलं. कुलूपवाल्यानं दोन मिनिटांचे महिन्याच्या किराण्याएवढे पैसे घेतले, मी मुकाट्यानं दिले.

आईला मी हे तीन वर्षांनी, लातूरला परत आल्यावर सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, ‘आगं माय, तवाच का नाही सांगितलंस? एकलीच रडत बसलीस व्हय?’ मग तिनं मला सांगितलं, की मी दीड वर्षाची असताना कणगीत पडले होते आणि ती विहिरीवर होती. तीस वर्षं तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी आम्ही जितक्या बोललो, तितक्या पाच वर्षांत फोनवर बोललो नव्हतो.

घरातलं शेवटचं एक. भिंतीवर आपलं मराठी कॅलेंडर असेलच. नसेल तर आईकडून मागव. किटाच्या सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीला मिळते, ती लाल पेननं त्याच कॅलेंडरवर उतरव. वेळ अमावस्येच्या चौकटीशेजारी किटाची सुट्टी, मामांची तिथी आणि कंदिलाची मिरवणूक एकाच कॅलेंडरवर. मुलाचा कप्पा रोज त्यालाच बघू दे. ‘चिठ्ठी आहे का?’ हे विचारायचं काम चार वर्षांच्या लेकराला फार आवडतं. मोबाईल चार्जिंगला बाहेरच्या खोलीत लाव. बिछान्यात नको.

या नोव्हेंबरला कंदील परत होईल. तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवून जा.

– माई

दुसरं पत्र हिंगोलीच्या एका आजोबांचं आहे, थोडक्यात देते. त्यांचा मुलगा कॅनडात असतो. नातीच्या वाढदिवसाचा फोटो आजोबांनी गावच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. मुलानं फोन करून काढायला लावला आणि आता फोटोच पाठवत नाही. ‘नातीचं कौतुक करायचाही हक्क नाही का आम्हाला?’ असं ते विचारतात.

काका, कौतुकाचा हक्क आहे, पुरेपूर आहे. पण मुलाचंही ऐका. ग्रुपवर गेलेला फोटो पुढं कुणाच्या मोबाईलमध्ये जाईल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि त्या ग्रुपातल्या निम्म्या लोकांना तुम्हीही ओळखत नसाल. जर्मनीत तर १९०७ सालच्या कायद्यापासून माणसाच्या छबीवर त्याचाच हक्क मानला जातो. परदेशात वाढणाऱ्या लेकरांच्या शाळांमध्येही फोटोसाठी आईबापांची लेखी परवानगी घेतात, त्यामुळं तुमच्या मुलाची काळजी तिथल्या रोजच्या जगण्यातून आलेली आहे. त्याला सांगा, ‘माझं चुकलं, यापुढं न विचारता कुठं टाकणार नाही.’ शिक्षक माणसाला हे वाक्य जड जात नाही.

मग त्याच्याकडून वर्षाचे दहा-बारा फोटो मागवा आणि हिंगोलीतल्या स्टुडिओतून कागदावर काढून घ्या. खिशात घेऊन पारावर जा. ज्याला दाखवायचे त्याच्या हातात द्या, बघून झाले की परत घ्या. मागच्या बाजूला तारीख आणि नातीचं वय तुमच्या अक्षरात लिहून ठेवा, पुढं तिला ते बघायला आवडेल.