मोझेस इटौमा उसिक, काबायेल, वॉर्डलीपुढे टिकेल का?

चौघेही हेवीवेट बॉक्सर. इटौमा वॉर्डलीला हरवेल, काबायेलपाशी अडकेल, उसिकच्या वाटेला सध्या जाऊच नये. जळगावच्या भरीत पार्टीत यावर वाद झाला, तेव्हाही मी हेच म्हटलं भो. वांगी भाजून झाली तरी कोणी ऐकेना.

मुलगा भारी आहे, शंकाच नाही. जन्म डिसेंबर 2004 चा, डावखुरा, हात विजेसारखे. ऑगस्ट 2025 मध्ये रियाधला डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत झोपवलं. पण व्हाइट तेव्हा 37 वर्षांचा, उतरणीला लागलेला. त्या लढतीपर्यंत इटौमा सहा फेऱ्यांच्या पुढे कधी गेलाच नव्हता, आणि माझी खरी अडचण तिथेच आहे. यात्रेच्या दंगलीत पहिल्या मिनिटाला कुस्ती मारणारा पोरगा दहाव्या मिनिटाला कसा दिसतो, ते अखाड्याबाहेर बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारा.

काबायेल नेमका तिथेच बोट ठेवेल. तो डोक्यामागे लागत नाही, बरगड्यांखाली मारत राहतो. फेब्रुवारी 2025 मध्ये झांग झिलेईसारखा धिप्पाड गडी त्याने सहाव्या फेरीत पोटावरच्या ठोशाने बसवला.

वॉर्डली मार खातो, पण शेवटपर्यंत धोकादायक. ऑस्ट्रेलियाच्या हुनीविरुद्ध मागे पडूनही दहाव्या फेरीत एका उजव्या हाताने सामना फिरवला. तरी इटौमाचा वेग त्याला झेपणार नाही.

उसिक स्वतः डावखुरा, म्हणजे समोरच्याला डावखुऱ्याची सवय नसते हा इटौमाचा फायदाही गेला. शिवाय जुलै 2025 मध्ये, 38 व्या वर्षी, त्याने ब्रिटनच्या दुबुआला पाचव्या फेरीत संपवलं. आधी काबायेलशी बारा फेऱ्या खेळून दाखव म्हणावं.