वाचक विचारतात : पाड्यावरचं बाळ आणि संशोधन

प्रश्न : आरोग्यावर एवढं संशोधन होतं, त्याचा गरिबांच्या बाळांना काय उपयोग? आणि ग्रामपंचायतीने नेमकं काय तपासावं?
– ग्रामपंचायत सदस्य, धारणी तालुका

उत्तर : तुमच्याकडच्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्या भेटीच संशोधनातून आल्या. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. शेजारच्या ४७ गावांशी तुलना करता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी भरला. मजुरी बुडवून दवाखाना गाठावा लागत नव्हता, हे त्यातलं मर्म. २०११ मध्ये देशभर ही योजना आली. गडचिरोलीतल्या आरोग्यदूत, म्हणजे ‘सर्च’ने शिकवलेल्या गावातल्याच बायका, मात्र जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शनही देत. आशांना ती मुभा मिळाली नाही. आजारी बाळाला दवाखान्यातच न्यावं लागतं, म्हणून गाडी न पोचणाऱ्या पाड्यांची यादी आधी करा.

दवाखान्यात बाळंतपण झालं तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी भेट. घरी झालं तर पहिल्या दिवशीही. भेटी चुकतात त्या बहुधा माहेरी. नाव सासरच्या यादीत, बाळ माहेरच्या गावात, आणि दोन्हीकडच्या आशांना वाटतं की दुसरी बघत असेल. आठव्या महिन्यातच माहेरचं गाव लिहून घ्या, तिथल्या आशेला कळवा.

मृत्यूंची नोंद जपून वाचा. २०११ च्या नियमात आशेला सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये, तेही ४२व्या दिवशी बाळ-बाळंतीण सुखरूप असतील तरच. बाळ दगावलं की तिची मेहनतही वाया! ही अट अन्यायाची, शिवाय मृत्यू लपवायला लावणारी. ‘उपजत मृत’ नोंदी जास्त आणि नवजात मृत्यू शून्य दिसले, तर दाईला विचारा : बाळाने श्वास घेतला होता का? एकदा जरी घेतला असेल, तर तो जिवंत जन्म. आकडे पाड्यागणिक मांडा, तालुक्याच्या सरासरीत पाडा दिसत नाही. पण वर्षाला वीसच जन्म असतील तर एका वर्षावरून काही ठरवू नका, तीन वर्षांचे एकत्र घ्या.

आशेची पिशवीही उघडून बघा. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे, तेवढेच आले तर लगेच दवाखाना. त्यासाठी घड्याळ चालू हवं. थर्मामीटरचा सेल संपलेला असेल, तर ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायच्या) निधीतून घ्या.