गाडी खाली घेतली, शॉकअप गळले: भरपाई मागता येईल?

प्रश्न : माझी जुनी क्लासिक गाडी आखूड स्प्रिंग घालून ४० मिमी खाली घेतली. गॅरेजने त्याच वेळी नवे शॉकअप बसवले. चार महिन्यांत पुढचे दोन्ही गळू लागले. गॅरेजवाले म्हणतात, गाडी खाली घ्यायची हौस तुमची. पैसे परत मिळतील का?

उत्तर : शॉकअप कोणी निवडले, यावर सगळे अवलंबून आहे. गाडी खाली घेतल्याचे गॅरेजला ठाऊक होते आणि निवड तुम्ही त्यांच्यावर सोपवली होती, तर मालविक्री कायदा, १९३० चे कलम १६ तुमच्या बाजूने आहे. सांगितलेल्या कामाला माल योग्य असलाच पाहिजे. मात्र ‘अमुक कंपनीचे अमुक मॉडेलच घाला’ असे तुम्ही सांगितले असेल, तर त्याच कलमातला अपवाद आड येतो. तेव्हाही, बसवण्याआधी शॉकअपची लांबी तपासली नाही ही सेवेतील त्रुटी, असे मांडता येते. जॉबकार्ड, बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे आजच जपून ठेवा.

खरा पुरावा गाडीतच आहे. मूळ लांबीचा शॉकअप अशा गाडीत उभ्या जागीच नेहमीपेक्षा जास्त दबलेला असतो. शॉकअप जास्त लांब असेल, तर खड्ड्यात चाक वर आले की बंप स्टॉप (चाकाला वर रोखणारा रबरी ठोकळा) टेकण्याआधी दट्ट्या तळाला आपटू शकतो. मग तळाचा व्हॉल्व्ह तुटू शकतो, सील जाऊ शकते. हे मोजता येते. स्प्रिंग काढून चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत जॅकने उचलायचे आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बैठकींमधले अंतर घ्यायचे. पूर्ण दाबलेला शॉकअप त्याहून लांब भरला, तर निवड चुकली. आखूड भरला, तर दोष मालात असू शकतो. मग उत्पादकालाही प्रतिपक्ष करा. मोजमाप त्रयस्थ ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून, गॅरेजला लेखी तारीख कळवून, फोटोंसह करून घ्या. तोवर गाडी चालवू नका आणि उतरवलेले शॉकअप ‘बघून सांगतो’ म्हणणाऱ्या गॅरेजच्या हाती देऊ नका. ते गेले की दावा लंगडा पडतो.

मग १५ दिवसांची नोटीस द्या. उत्तर आले नाही, तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

तुमची कच्ची बाजूही सांगतो. नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही आणि परवानगीबाहेरच्या फेरफारासाठी कलम १८२अ(४) मालकालाच धरते: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. गॅरेज हा मुद्दा काढणारच. म्हणून नोटिशीआधी वकिलाला आरसी आणि स्प्रिंगचे बिल दाखवा, आणि मागणी शॉकअपची किंमत, मजुरी व तपासणीचा खर्च एवढीच ठेवा.