डेअरीच्या सांडपाण्यावर शेवाळ वाढवलं तर ब्लोअर बंद करता येईल का?

तुम्ही विचारलंय की गावच्या डेअरीतून रोज ५० हजार लिटर सांडपाणी निघतं, एरेशनच्या, म्हणजे पाण्यात हवा सोडणाऱ्या, ब्लोअरचं वीजबिल झेपत नाही, तर त्याच पाण्यात शेवाळ वाढवून पाणी शुद्ध करता येईल का, आणि ते शेवाळ स्पिरुलिना (पौष्टिक म्हणून खातात ते शेवाळ) म्हणून विकता येईल का. सांगली भागातल्या एका डेअरीचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, मी बरीच वर्षं सांभाळला, त्यातली दोन वर्षं शेवाळाची टाकीही चालवली. त्या अनुभवावरून सांगतो.

शेवाळ दूध खात नाही, हे आधी पक्कं करा. दुधातली साखर, प्रथिनं, स्निग्धांश फोडतात ते जिवाणू. त्यांना लागणारा प्राणवायू शेवाळ उन्हात तयार करतं, आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, फॉस्फेट स्वतःच्या वाढीला वापरतं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विल्यम ओस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात याच जोडीवर उथळ तलाव उभे केले. आजही मूळ रचना तीच आहे, पाणी वल्ह्यांच्या चाकाने हळूहळू फिरतं ठेवायचं.

आता तुमच्याच आकड्यांवर हिशेब करू. तलाव ३० सेंटिमीटर खोल धरा, त्याखाली ऊन पोचत नाही. पाणी ६ दिवस थांबवायचं तर ३०० घनमीटर जागा हवी, म्हणजे १,००० चौरस मीटर, सुमारे १० गुंठे. चांगल्या उन्हात चौरस मीटरला रोज १० ते १५ ग्रॅम सुकं शेवाळ धरलं तर दिवसाला १० ते १५ किलो झालं. किलोमागे साधारण दीड किलो प्राणवायू, म्हणजे १५ ते २२ किलो. तुमच्या कच्च्या पाण्याची बीओडी, म्हणजे त्यातली घाण फोडायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला १,५०० मिलिग्रॅम असेल तर रोजचा भार ७५ किलो होतो. नाही पुरत. पण फॅट ट्रॅपमधून लोणी-तूप काढून ते पाणी आधी बंद यूएएसबी टाकीतून (यात जिवाणू प्राणवायूशिवाय घाण फोडून बायोगॅस करतात) नेलं आणि ८० टक्के भार तिथेच संपला, तर मागे १५ किलो राहतो. तेवढ्याला हे १० गुंठे पुरतात, शिवाय बायोगॅस मिळतो. म्हणून आधी यूएएसबी, मग शेवाळ. रात्री शेवाळही प्राणवायू खातं, त्यामुळे एक लहान ब्लोअर ठेवावाच लागेल. पावसाळ्यात तर नक्कीच.

मी सुरुवातीला कच्चं पाणी सरळ टाकीत सोडलं होतं. तिसऱ्या दिवशी पाणी आंबलं, पीएच खाली गेला आणि हिरवा रंग गेला तो परत आलाच नाही. पुढच्या वेळी सीआयपीच्या, म्हणजे यंत्रं न उघडता आतून धुण्याच्या, कॉस्टिक सोड्याने घात केला. इक्वलायझेशन टाकीत, म्हणजे दिवसभराचं पाणी एकत्र मिसळतं तिथे, कॉस्टिक आणि धुण्याचंच नायट्रिक ॲसिड दोन्ही एकत्र मुरल्याशिवाय पाणी पुढे सोडू नका. उलट भर दुपारी शेवाळामुळेच पीएच ९ च्या वर जातो आणि अमोनिया वायुरूप होऊन शेवाळालाच बाधतो. तेव्हा बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात सोडता आला तर दोन्ही बाजूंनी फायदा आहे: पीएच उतरतो आणि शेवाळाला खाद्य मिळतं.

खरी लढाई शेवाळ पाण्यातून बाहेर काढण्याची. पेशी काही मायक्रॉनच्या, आणि लिटरभर पाण्यात त्यांचं वजन अर्धा ग्रॅम असेल-नसेल. आम्ही मलमलीतून गाळून पाहिलं, सगळं आरपार गेलं. आणि हिरवं पाणी तसंच बाहेर सोडलं तर नमुन्यात ते शेवाळच बीओडी आणि तरंगते घन म्हणून मोजलं जातं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतली (कन्सेंट) मर्यादा तिथेच ओलांडते. तुरटीने खाली बसतं, पण मग त्या गाळात ॲल्युमिनियम येतं आणि तो शेताला द्यायला मन धजत नाही. आमच्याकडे उपयोगी पडलं ते वेगळंच: तळाशी बसलेला गाळ रोज थोडा परत तलावात सोडायचा. काही आठवड्यांत शेवाळ आणि जिवाणू एकमेकांना धरून गोळे करू लागले आणि आपोआप बसू लागले. हे पाहिलं तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

स्पिरुलिनाचा विचार मात्र सोडून द्या. तिला सोडा घातलेलं, ९ ते १० पीएचचं स्वच्छ पाणी लागतं. तुमच्या तलावात क्लोरेला, सीनेडेस्मस अशा हिरव्या शेवाळांची मिश्र वस्ती आपोआप येईल, आणि धुण्याच्या पाण्यावर वाढलेलं शेवाळ माणसाच्या पोटात जाऊ नये. आम्ही ते शेणखतात मिसळायचो.

जांभळे प्रकाशसंश्लेषी जिवाणू हाही एक रस्ता आहे. ते प्राणवायूशिवाय वाढतात, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात आणि सेंद्रिय आम्लं थेट आपल्या शरीरात बांधतात. म्हणजे आंबलेलं पाणीही त्यांना चालतं. मी खिडकीत बूच लावलेल्या बाटलीत तळ्याचा चिखल घालून पातळ केलेल्या दुधाच्या निवळीवर ते वाढवले, रंग विटेसारखा लाल आला. पण डेअरीचा रोजचा भार त्यांच्यावर टाकायचा सल्ला मी आज देणार नाही.

१० गुंठे खोदण्याआधी ५०० लिटरची उथळ टाकी यूएएसबीच्या पाण्यावर निदान तीन महिने चालवा, त्यात जुलै यायलाच हवा. यूएएसबी अजून नसेल तर शेजारच्या एखाद्या बायोगॅस संयंत्रातून निघालेल्या पाण्यावर सुरू करा. रोज सकाळी एक लिटरच्या मोजपात्रात पाणी भरून तासाभरात किती हिरवं खाली बसतं ते वहीत लिहा.