वाचकांचे प्रश्न : कर दिसला, परतावा कुठे दिसला?

प्रश्न : नेट झिरोसाठी (हवेत जेवढे हरितगृह वायू सोडतो तेवढेच काढून घेण्यासाठी) इंधनावर कार्बन कर लावायचा आणि तोच पैसा लोकांना परत द्यायचा, तर मुळात घ्यायचा कशाला? गरिबाच्या हाती त्यात काय पडतं?

उत्तर : घेताना वापराप्रमाणे घेतात, देताना सगळ्यांना सारखं देतात. मेख तिथेच आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. कर टनाला 50 डॉलर असेल, तर लिटरमागे साधारण साडेअकरा सेंट. आता दोनच घरं धरा : एकाचं वर्षाचं उत्सर्जन 12 टन, दुसऱ्याचं 4. पहिलं 600 डॉलर भरतं, दुसरं 200. जमलेले 800 निम्मे-निम्मे वाटले, की छोट्या घराला 200 वर उरतात. लाखो घरांत वाटणी झाली तर आपण एक टन वाचवल्याने आपला परतावा घटत नाही, 50 डॉलर मात्र खिशात राहतात.

हिशेब फसतो तो सरासरीत. शहरापासून लांब राहणारं, फटीफटीतून ऊब निसटणाऱ्या जुन्या घरात तेल जाळणारं कुटुंब गरीब असूनही 10 टनांवर जातं. ते 500 भरतं आणि सरसकट 400 घेतं. कॅनडात म्हणून ग्रामीण भागासाठी परताव्यात 10 टक्के भर होती, 2024 मध्ये ती 20 टक्के झाली. आमच्या मते अशी भर पहिल्या दिवसापासूनच पुरेशी हवी. ओरड झाल्यावर वाढवली, तर लोक तिला मलमपट्टीच समजतात.

दुसरी चूक दिसण्याची. कर पंपावर दर आठवड्याला डोळ्यात भरतो. कॅनडात परतावा सुरुवातीला वार्षिक कर विवरणपत्रातच जिरायचा. जुलै 2022 पासून तो दर तिमाहीला खात्यात येऊ लागला, पण पासबुकातल्या नोंदीवरून तो कशाचा हे अनेकांना उमगेना. स्वच्छ नाव मिळालं 2024 मध्ये, आणि एप्रिल 2025 मध्ये ग्राहकांवरचा करच गेला. स्वित्झर्लंडमध्ये परतावा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होतो, तिथेही सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा आधी परतावा, वेगळ्या नावाने, थेट खात्यात. वाढीव दर त्यानंतर.

फ्रान्सने उलट केलं. 2018 मध्ये श्रीमंतांवरचा संपत्ती कर बराचसा काढला आणि त्याच सुमारास डिझेलवरचा वाढवत नेला. नोव्हेंबरमध्ये लोक पिवळी जॅकेटं घालून रस्त्यावर उतरले (तिथे प्रत्येक गाडीत ते ठेवावंच लागतं, म्हणजे गणवेश तयारच होता). डिसेंबरमध्ये पुढची वाढ गुंडाळावी लागली.

प्रश्न : कोळसा खाण बंद होणार असेल, तर कामगारांनी आधी काय मागावं?

उत्तर : तारीख आणि यादी. बंद होण्याची तारीख लेखी, आणि यादीत कायम कामगारांबरोबर कंत्राटी माणसं, ट्रकचालक, दुरुस्तीवाले हवेत. नेहमी गळतात ते हेच, कारण खाणीच्या हजेरीपटावर त्यांचं नाव नसतं. मग वयानुसार दोन गट पाडा. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांना मधल्या वर्षांचा भत्ता : जर्मनीत कोळशातल्या 58 वर्षांपुढच्यांना तो जास्तीत जास्त 5 वर्षं मिळतो. स्पेनच्या 2018 च्या करारात 48 वर्षांपासूनच लवकर निवृत्तीची सोय होती. तरुणांना नुसतं प्रशिक्षण देऊन भागत नाही. प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू हवा आणि नोकरी कुठे आहे हे आधी ठरलेलं हवं. नाहीतर प्रमाणपत्र हातात येतं आणि बिऱ्हाड हलवावं लागतं.

प्रश्न : चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नागरिकांच्या सभेने काही साधतं का?

उत्तर : साधतं, पण सरकार उत्तराला बांधील असेल तर. फ्रान्समध्ये 2019-20 मध्ये अशा 150 जणांनी हवामान बदलावर 149 सूचना दिल्या. राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी त्या गाळणी न लावता पुढे नेण्याचा शब्द दिला होता. पुढे बऱ्याच सौम्य झाल्या, काही वगळल्या गेल्या. सभासदांनी शेवटी सरकारच्या प्रतिसादाला 10 पैकी सरासरी 3.3 गुण दिले. म्हणून सभा बसण्याआधीच लिहून घ्या : प्रत्येक सूचनेवर होय, नाही किंवा बदलून, कारणासकट, अमुक महिन्यांत.