सिडनीजवळच्या रानातले काकाकुवे: पांढरी पिसं जळू न देता फोटो कसे काढावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात दोन आठवडे सिडनीला मुलीकडे जाणार, सोबत 100-400 मिमीची झूम लेन्स, पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवे रानातच टिपायचेत, पण बगळ्यांच्या फोटोंत पिसं पांढरीफटक होतात तसं इथे होऊ नये.

दुखणं एकच आहे. कॅमेरा पक्ष्यापुरतं बघत नाही, सगळी चौकट बघून उजेड ठरवतो. मागे निलगिरीची गर्द सावली आली की उजेड वाढवतो आणि पिसं जळतात. तोच पक्षी आभाळासमोर आला की काळवंडतो. काकाकुवा एका झेपेत दोन्ही पार्श्वभूमी ओलांडतो, त्यामुळे उजेड कमी-जास्त करायचं प्लस-मायनसचं चाक फिरवत बसण्यात अर्थ नाही. मॅन्युअल मोड लावा, म्हणजे आकडे तुम्हीच ठरवाल, आणि ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं) बंद करा. ऊन तेच, तर पांढरा रंगही तोच. मागे काय आहे याने फरक पडत नाही.

कडक उन्हात लेन्सचं छिद्र एफ/8, शटर 1/3200 सेकंद, आयएसओ 400 इथून सुरुवात करा. सकाळच्या तिरप्या उन्हात साधारण दोन स्टॉप जास्त लागतात (एक स्टॉप वाढवला की उजेड दुप्पट), म्हणजे एफ/5.6, 1/1600, आयएसओ तेवढाच. मग एक फोटो काढून हायलाइटची लुकलुक बघा, म्हणजे जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो ती. छातीवर लुकलुकलं की एक तृतीयांश स्टॉप खाली या. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. पिवळ्या तुऱ्यात लाल चॅनल आधी भरतो आणि तुऱ्याच्या पिसांतल्या रेषा जाऊन नुसता पिवळा ठिपका उरतो. एकत्र हिस्टोग्रामवर हे कळत नाही. फोटो रॉमध्येच (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, कारण हिरवळीवरच्या पक्ष्याच्या पोटावर गवताची हिरवट झाक येते आणि ती नंतर काढावी लागते.

भारतातून जाणारे हमखास चुकतात ते सूर्याच्या दिशेत. तिथे सूर्य दुपारी उत्तरेकडे असतो, त्यामुळे सकाळ सरते तसं ऊन पूर्वेकडून उत्तरेला सरकतं. जागा त्या हिशोबाने धरा. डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि साडेआठनंतर ऊन इतकं डोक्यावर येतं की डोळा सावलीत बुडतो. मग पक्षीही झाडावर बसून साली सोलत वेळ काढतात. पुन्हा संध्याकाळी सहानंतर जा.

थवा जमिनीवर चरत असताना एक-दोघे झाडावर पहारा देतात. लक्ष त्या पहारेकऱ्यांवर ठेवा. त्यांचा तुरा उभा राहिला की जागीच बसा, ओरडले तर अख्खा थवा उठलाच म्हणून समजा. सरळ चालत जाऊ नका, तिरपे जा, मधे मधे बसा. उरलेलं अंतर पक्ष्यांनाच चरत चरत कापू द्या. ते गवतातले बारीक कंद उकरून खातात. चोचीला माती चिकटलेली आणि कंद डाव्या पायात धरलेला, ही चौकट नुसत्या बसलेल्या पक्ष्यापेक्षा कितीतरी बोलकी. हे जवळजवळ सगळेच डावखुरे असतात, म्हणून पक्ष्याच्या डाव्या अंगाला बसा.

तुरा उघडतो तो उतरताना, क्षणभरच. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, तेव्हा वारा तुमच्या पाठीवर असू द्या. पाय टेकण्याआधीच बर्स्ट (सलग फोटो) सुरू करा, शटर 1/2000 पेक्षा हळू नको; सकाळच्या 1/1600 वर असाल तर शटर वाढवा आणि आयएसओही तेवढाच वाढवा. फोकस छातीवर ठेवलात तर कोऱ्या पांढऱ्यावर लेन्स भटकत राहते. काळी चोच चेहऱ्याला मिळते तिथे बिंदू ठेवा.

जागा म्हणाल तर ब्लू माउंटन्स आणि रॉयल नॅशनल पार्क. तिथे पिवळ्या शेपटीचे काळे काकाकुवेही दिसतात. ब्लू माउंटन्समध्ये नशीब असेल तर ग्लॉसी ब्लॅक हा दुसरा काळा काकाकुवाही. त्यासाठी आपल्या कोकणातल्या सुरूच्या जातकुळीतली झाडं हुडका. खाली चावलेल्या, आतून अजून फिकट असलेल्या फळांचा चुरा पडलेला असेल तर पक्षी नुकताच येऊन गेलाय, किंवा डोक्यावरच आहे. हा ओरडत नाही फारसा, फळं फोडल्याची कटकट तेवढी ऐकू येते. काळ्यासाठी हिशोब उलटा: पांढऱ्यासाठी ठरवलेल्या उजेडापेक्षा दोन स्टॉप वाढवा.

डिसेंबर म्हणजे विणीचा काळ. ढोलीभोवती जोडी घिरट्या घालत ओरडू लागली तर तिथून निघा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका आणि दाणे टाकू नका, राष्ट्रीय उद्यानात खाऊ घालायला बंदीच आहे. शिवाय दाण्यावर आलेला पक्षी तुमच्या हाताकडे बघतो, ते फोटोत दिसतंच.

बॅग उघडी टाकून लांब जाऊ नका, रबर कुरतडायला यांना भारी आवडतं, व्ह्यूफाइंडरवरचा रबरी आयकप पहिला जातो. आणि बूट, ट्रायपॉडचे पाय इथूनच घासून धुऊन न्या. माती चिकटलेली असेल तर विमानतळावर ती जाहीर करावी लागते.